गयाबाईंची तागडी आणि सिस्टरचा काटा

माझ्या सुनेने मागच्या वर्षी घरी वजन करायचा काचेचा काटा आणला. सकाळी उठल्या उठल्या ती त्यावर उभी राहते, आकडा वहीत लिहिते आणि त्या आकड्यावर तिचा दिवसभराचा मूड ठरतो. महिन्यातून एकदा ती डॉक्टरांकडे जाते. तिथल्या काट्यावर हमखास दीड किलो जास्त भरते. मग घरी येऊन पर्स खाली न ठेवताच माझ्यापुढे उभी राहते, जणू तो काटा मीच बिघडवून ठेवलाय. ‘‘बाबा, तुम्हीच सांगा, यातला खरा कोणता?’’

या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी चाळीस वर्षं गेली. उत्तर ऐकून खूश झालेलं गिऱ्हाईक मात्र मला फारसं आठवत नाही. संगमनेरच्या बाजारपेठेत माझं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. ‘दुकान’ म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी, कारण मी आणि माझी ऐरण एवढे बसलो की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. वर्षातून एकदा वजनमापे खात्याचे साहेब यायचे, काटे तपासायचे आणि शिक्का मारायचे. त्याआधी आपापला काटा सरळ करून घ्यायला किराणावाले, भुसारवाले, गूळवाले, सोनार सगळे माझ्याकडे रांग लावायचे. उरलेलं वर्ष मी सायकलला पेटी बांधून किंवा एस.टी.च्या टपावर पेटी टाकून तालुक्यात हिंडायचो. लोक मला मिस्त्री म्हणायचे. माझं नाव माहीत असलेली माणसं त्या वेळीही थोडी होती आणि आता तर विचारूच नका.

काट्याचं काम बाहेरच्याला वाटतं तेवढं गूढ नाही. साध्या तागडीत एक दांडी, दोन पारडी आणि दांडीच्या बरोबर मध्यावर पोलादाची एक धार. ती धार ज्या खाचेत टेकते तिथे गंज धरला, पीठ साचलं किंवा तेल थिजलं की दांडी आळशी होते. ती हलते, पण मनापासून हलत नाही. दोन पारड्यांत मुळातच फरक असेल तर हलक्या बाजूला खडा, खिळा असं काहीतरी बांधून दांडी सरळ करायची. त्याला आम्ही पासंग म्हणतो. पासंग प्रामाणिक असेल तर काटा प्रामाणिक. माझे वस्ताद पितळेच्या दांड्या बनवायचे आणि प्रत्येक दांडीच्या पाठीवर बेलाचं पान कोरायचे. ते पान असलेली दांडी खोटी निघाली असं मी कधी ऐकलं नाही आणि कोणी म्हणालं असतं तर ऐकूनही घेतलं नसतं. मी स्वतः रागीट माणूस. खऱ्या काट्याला खोटा म्हणणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलेलं आहे.

धान्याचं वजन आणि माणसाचं वजन यात मात्र मोठा फरक. ज्वारीचं पोतं सकाळी जेवढं भरतं तेवढंच संध्याकाळी. माणूस सकाळी उपाशीपोटी असतो. दुपारी त्याने दोन भाकऱ्या खाल्लेल्या असतात, तांब्याभर पाणी प्यायलेलं असतं आणि अंगावर ठेवणीतले कपडे चढवलेले असतात. घरी आपण पहाटे एका कपड्यावर काट्यावर उभे राहतो आणि दवाखान्यात जातो ते जेवूनखाऊन, नीटनेटके होऊन. खेड्यातल्या बायका तर नऊवारी लुगडं, पायात चांदीचे वाळे आणि कमरेला चंची घेऊनच काट्यावर चढायच्या. एका आजींच्या चंचीतून मी सुपारी, अडकित्ता, खोबऱ्याची वाटी आणि कुलूप काढलेलं आठवतंय. किल्ली कुठाय विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ती हरवली म्हनून तर कुलूप संगं हाय.’’

शिवाय काटा कुठे ठेवला यावरही पुष्कळ असतं. आमच्या पेठेतल्या एका कापडवाल्या शेठजींनी मुंबईहून पायाखालचा स्प्रिंगचा काटा आणवला होता. तालुक्यात तसला तो पहिलाच असावा. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं होतं आणि घरच्या काट्यावर ते तीन किलो उतरलेही होते. दवाखान्यात मात्र तसूभर फरक नाही. डॉक्टरांचा काटा खोटा आहे हे सिद्ध करायला शेठजींनी मला घरी नेलं. काटा जाड सतरंजीवर ठेवलेला. शेठजी वर उभे राहिले की काट्याचं बूड सतरंजीत रुतायचं आणि वरच्या पाटीची कड सतरंजीला टेकायची, म्हणजे शेठजींचा थोडा भार सतरंजीच पेलायची. मी काटा उचलून शहाबादी फरशीवर ठेवला आणि त्यांना उभं केलं. तीन किलो परत आले. त्यानंतर वर्षभर शेठजी माझ्याशी बोलले नाहीत.

असे किस्से सांगायला लागलो तर अंक भरेल. संपादकांनी ‘व्यवसायातले गमतीदार अनुभव लिहा’ असं म्हटलं होतं, ते वर लिहून झाले. आता लिहितो ती गोष्ट गमतीची नाही आणि ती मी आजवर फक्त बायकोला सांगितली होती.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. पाऊस ओळीने दगा देत होता. संगमनेरच्या पठारावर तर एरवीही पाणी कमी, त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते. गावोगाव सरकारने दुष्काळी कामं काढली होती. कुठे पाझर तलाव, कुठे रस्त्याची खडी. बायकाबाप्ये सगळे टिकाव, पाट्या, हातोडे घेऊन कामावर. काट्यांना काम नव्हतं, कारण तोलायला काही नव्हतं. मग सरकारी दवाखान्यांचे काटे तपासायचं काम मी धरलं. पठारावरच्या एका गावात असाच एक छोटा दवाखाना होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तिथे साळवे सिस्टर होत्या. वय पंचविशीच्या आत, अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की बाहेर झाडाखाली बसलेले लोक दचकून उठायचे. मी पेटी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्या म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, बरं झालं आलात. आधी माझा काटा तपासा आणि मग एका म्हातारीला सांगा की तो खरा आहे.’’

म्हातारी म्हणजे गयाबाई. तिची नात तीन महिन्यांची, नाव मंगल. मंगलची आई सुमन बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असली की लेकीला दवाखान्यात आणायची. सिस्टरच्या कार्डावर गेले सहा आठवडे आकडा तीन किलो सहाशेच्या आसपासच होता. एवढ्या वयाच्या लेकराचं वजन आठवड्याला काही ना काही वाढायलाच हवं. ते जागचं हलत नाही म्हणजे पोर आतून सुकायला लागलीय, असं सिस्टरचं म्हणणं. कारणही त्यांनी शोधलं होतं. सुमन दिवस उगवायच्या आत तीन मैलांवर खडी फोडायला जायची ती दिवे लागताना परत. दिवसभर मंगल आजीकडे, पाणी घातलेल्या शेळीच्या दुधावर. सुमनने काम सोडून पोरीजवळ राहावं, पोरीला संगमनेरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवावं, असं सिस्टर कानीकपाळी ओरडून सांगत होत्या. गयाबाई ऐकत नव्हत्या. कारण त्या घरी दर आठवड्याला नातीला तोलायच्या आणि त्यांच्या तागडीत पोर दर आठवड्याला वाढत होती.

मी सिस्टरचा काटा पाहिला. वर पत्र्याचं खोलगट ताट आणि खाली दांडीवर सरकणारं वजन. ज्या टेबलावर तो होता त्याचा एक पाय आखूड. पायाखाली घडी करून ठेवलेले कागद कधी असायचे, कधी झाडताना निघून जायचे. टेबल कललं की काटाही कलायचा आणि शंभर-शंभर ग्रॅमची गडबड व्हायची. सरकतं वजनही झिजलं होतं. मी ते सोडवून पेटीत घातलं आणि म्हणालो, ‘‘सिस्टर, तुमच्या काट्याची खात्री मला देता येत नाही.’’ त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून मला थोडं बरं वाटलं, हे आज कबूल करतो. चांगल्या शिकलेल्या माणसाचा काटा खोटा ठरवण्यात आम्हा लोकांना एक सुख असतं.

मग गयाबाईंकडे गेलो. दोन खणांचं घर, सारवलेलं अंगण, दारात बाभळ. गयाबाई साठीच्या, ताठ, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांचे मालक हयात असताना आठवडी बाजारात मिरच्या विकायचे, त्यांची तागडी आढ्याला टांगलेली होती. मी खाली काढून पाहिली आणि मला हसूच फुटलं. पितळी दांडी, पाठीवर बेलाचं पान. माझ्या वस्तादांच्या हातची.

गयाबाईंनी पारडी काढून दोन्हीकडे वेताच्या दुरड्या बांधल्या होत्या. एकीत मंगलला ठेवायचं, दुसरीत फडक्यात बांधलेली ज्वारी. हलक्या दुरडीला त्यांनी खडाही बांधला होता, आणि बरोबर बांधला होता. माझ्या पेटीतली वजनं टाकून मी दांडी तपासली, बाजू बदलून तपासली. गुंजेचा फरक नाही. मी पोरीलाही वजनं लावून तोलायला निघालो तर गयाबाई आडव्या आल्या.

‘‘लोखंड न्हाई लावायचं लेकराला.’’

‘‘का हो आजी?’’

‘‘माजा पयला ल्योक. बाजारात एका वान्यानं गमतीनं शेराच्या लोखंडाशी तोलला. आठ दिसांत ताप येऊन गेला. तवापासून आमच्यात लेकरू धान्याशी तोलत्यात. धान्यावानी वाढतं.’’

यावर वाद घालायचा माझा स्वभाव, पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मी वजनं पेटीत ठेवली. त्यांची रीत त्यांनी मला नीट सांगितली. पहिल्यांदा मंगलच्या भाराइतकी ज्वारी घेतली आणि तिचं गाठोडं बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. पुढच्या आठवड्याला त्याच गाठोड्याशी पोर तोलायची. पोरीचं पारडं खाली गेलं की कणगीतली एक एक मूठ ज्वारी गाठोड्यात घालायची, दांडी सरळ होईपर्यंत. जेवढ्या मुठी लागल्या तेवढी पोर वाढली. ती ज्वारी गाठोड्यातच राहायची आणि भिंतीवर गेरूचं एक बोट उमटायचं. मी भिंतीकडे पाहिलं. सहा बोटं होती, लालबुंद, ओळीने. हिशोबात मला कुठेही खोट दिसली नाही.

बाजाराचा दिवस म्हणून सुमन घरी होती, चुलीपाशी बसून. वय असेल एकोणीस-वीस. खडीने बोटं फुटलेली, चिंध्या बांधलेल्या. मी निघताना ती दारापर्यंत आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘‘मिस्त्री, मी उचलली की पोर वाढल्यावानी लागत न्हाई. मागल्या म्हयन्यात लागायची तेवढीच लागती.’’

मी काय म्हणालो ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. पेटी सायकलवर चढवत, हसत हसत म्हणालो, ‘‘बाई, हाताचा काटा नसतो.’’

दवाखान्यात जाऊन सिस्टरना सांगितलं की घरची तागडी खरी आहे आणि म्हातारीचं चूक नाही. त्या माझ्याशी भांडल्या, पण काट्याच्या बाबतीत माझ्याशी भांडून कोण जिंकणार? गावभर झालं की मिस्त्रीने गयाबाईंच्या बाजूने निकाल दिला. मी ऐटीत संगमनेरला परतलो.

तीन आठवड्यांनी सरकत्या वजनाची दुरुस्ती करून, शिक्का मारून घेऊन परत गेलो. टेबलाचा पायही सुताराकडून नीट करवला. माझ्या हाताने काटा जुळवला, माझ्या वजनांनी तपासला. नेमका बाजाराचा दिवस होता. सिस्टर माझी वाटच बघत होत्या. सुमनला बोलवायला त्या शिपायाला पाठवणार तोच ती स्वतःहून मंगलला घेऊन आली. सासू पाण्याला गेलेली असताना चोरून आली होती.

सिस्टरनी पोरीला ताटात ठेवलं. मागच्या खेपेला मी पाहिलेलं पोर बाळसं नसलेलं, पण हातपाय झाडणारं होतं. आता ते पडल्या जागी पडून होतं आणि मोठ्या माणसासारखं बघत होतं. काटा थांबला. साडेतीन किलो.

सिस्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, आता तर तुमचाच काटा आहे.’’

एक काटा मी स्वतः जुळवलेला, दुसरा माझ्या वस्तादांनी बनवलेला आणि मी तपासलेला. एक म्हणतो पोर सुकतेय, दुसरा म्हणतो वाढतेय. सुमन माझ्याकडे बघत होती.

मी पेटी उचलली. सुमन मंगलला घेऊन पुढे गेली आणि जरा वेळाने मी आणि सिस्टर तिच्या घरी पोचलो. गयाबाई दुरड्या बांधत होत्या. आम्हाला पाहून त्यांना आनंदच झाला. ‘‘या, मिस्त्री. तुमच्या म्होरंच तोलू, म्हंजी सिस्टरबाईचा जीव भांड्यात पडंल.’’

मंगलला दुरडीत ठेवलं. देवळीतलं गाठोडं समोरच्या दुरडीत ठेवलं. पोरीची बाजू जराशी खाली गेली. गयाबाईंनी कणगीतून मूठ भरली आणि थोडी थोडी ज्वारी सोडली. दांडी सरळ झाली. मुठीत अर्धी ज्वारी उरली होती.

‘‘हल्ली पुरती मूठ लागत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उन्हाळा हाय. वाढ जरा दमानं. पर वाढ हाय.’’ त्यांनी गेरूत बोट बुडवलं आणि भिंतीवर आखूडसं बोट ओढलं. भिंतीवर आता नऊ बोटं झाली होती, शेवटची तीन आखूड.

मी म्हणालो, ‘‘आजी, पोरीला नाही, पण गाठोड्याला लोखंड लावलं तर चालेल?’’

त्यांनी विचार केला आणि मान हलवली. मी गाठोडं माझ्या वजनांशी तोललं. साडेतीन किलो. सिस्टरच्या कार्डावर जो आकडा तोच, काटेकोर. म्हणजे दोन्ही काटे एकच सांगत होते. त्यांच्यात भांडण नव्हतंच. मग भिंतीवरच्या त्या मुठी गेल्या कुठे? तेवढ्यांचं मिळून चारशे-साडेचारशे ग्रॅम तरी व्हायला हवं होतं. मी गाठोडं उलटंसुलटं करून पाहिलं. भोक नाही, उंदराने कुरतडलेलं नाही, कीड नाही. मी चक्रावून खाली बसलो.

‘‘द्या हिकडं,’’ गयाबाई म्हणाल्या, ‘‘दिस्ट काढायची ऱ्हायलीय.’’

त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, सोडलं आणि त्यातूनच एक भरगच्च मूठ काढली. मंगलवरून तीन वेळा उतरवली. ‘‘आल्यागेल्याची, पाप्याची, तोलनाऱ्याची,’’ असं पुटपुटल्या, अंगणात गेल्या आणि बाभळीखाली ज्वारी फेकली. मी आणि सिस्टर दारात येऊन बघत होतो; चिमण्या वाटच बघत असल्यागत उतरल्या. गयाबाई परत आल्या, गाठोड्याची गाठ मारली आणि ते देवळीत ठेवलं.

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. दर आठवड्याला ही बाई गाठोड्यातली एक मूठ नातीवरून ओवाळून टाकत होती आणि पुढच्या आठवड्याला तीच मूठ परत घालून पोर मूठभर वाढली म्हणत होती. शेवटच्या तीन आठवड्यांत अर्धीच मूठ लागली, म्हणजे तेवढी पोर उतरली होती. मागच्या खेपेला मी दांडी तपासली, दुरड्या तपासल्या, पासंग तपासला. तोलून झाल्यावर ती काय करते हे बघायला मी थांबलोच नव्हतो.

सिस्टर बोलायला तोंड उघडणार होत्या. गयाबाई तेव्हा मंगलला मांडीवर घेऊन तिच्या कपाळाला काजळ लावत होत्या. या बाईचं एक पोर गेलेलं, आणि दुसरं जाऊ नये म्हणून जे जे तिला ठाऊक होतं ते ते ती करत होती. तुझ्या दृष्ट काढण्याने तुला फसवलं, असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? पोर वाचली तरी ती बाई त्यातून उठली नसती. मी सिस्टरना हातानेच थांबवलं आणि तागडी आढ्यावरून खाली काढली.

‘‘आजी,’’ मी म्हणालो, ‘‘काटा खोटा आहे. दांडीत खोट आहे. मागच्या खेपेला माझ्या ध्यानात आली नाही, चूक माझी. पोर वाढलेली नाही. उतरलीय. सिस्टर म्हणतात ते खरं आहे.’’

पितळेवरचं बेलाचं पान माझ्या अंगठ्याखाली होतं. तीस वर्षांचा होत आलो होतो तोवर खऱ्या काट्याला मी कधी खोटं म्हटलं नव्हतं आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

गयाबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा अंगणातल्या चिमण्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मंगलला सुमनच्या ओटीत दिलं. ‘‘सुमे, ऊठ. सिस्टरबाईसंगं जा. म्हनतील तितं जा.’’

‘‘आन् आत्याबाई, काम? मस्टरवरचं नाव कापत्याल.’’

‘‘तुज्या जाग्यावर मी जाते. हातोडा कुटं हाय तुजा?’’

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून गयाबाई खडी फोडायला गेल्या. साठीची बाई, उन्हाळ्याचं ऊन. मुकादम आधी नाही म्हणाला, पण त्यांनी त्याला काय ऐकवलं कोण जाणे, त्याने नाव लिहून घेतलं. सुमन पोरीजवळ राहिली. सिस्टरनी दुधाच्या भुकटीची सोय केली, सुमनलाही खायला मिळेल असं बघितलं आणि संगमनेरच्या डॉक्टरांकडे स्वतः एस.टी.ने घेऊन गेल्या. पहिले आठ दिवस काटा हलला नाही. त्या आठ दिवसांत मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी सिस्टरचा निरोप आला, पन्नास ग्रॅम. मी दुकानातल्या दुकानात बसून रडलो. माझ्यासमोर एक भुसारवाला काटा घेऊन उभा होता, त्याला काही कळेना.

तागडी मी दुरुस्तीला म्हणून घेऊन आलो होतो. दुरुस्त करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, त्यामुळे परत काय म्हणून द्यायची हे मला सुचलं नाही. गयाबाईंनीही ती कधी मागितली नाही. ती माझ्या दुकानात खुंटीवर लटकत राहिली. साळवे सिस्टरची पुढे दुसरीकडे बदली झाली. जाताना भेटायला आल्या तेव्हा त्या खुंटीकडे बघून हसल्या, पण विषय त्यांनीही काढला नाही.

वीसेक वर्षांनी एका सकाळी दुकानाच्या पायरीशी दोन बायका उभ्या. एक पन्नाशीकडे झुकलेली दिसत होती, उन्हातान्हात कष्ट केलेल्या बाया वयापेक्षा मोठ्या दिसतात तशी. दुसरी तरणीताठी, गोल चेहऱ्याची, कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. मी ओळखलं नाही.

‘‘मी सुमन. ही मंगल. आन् ही तिची.’’

मी उठून उभा राहिलो. डोकं वरच्या फळीला आपटलं. मंगल हसली.

‘‘म्हयन्यामागं आत्याबाई वारल्या,’’ सुमन म्हणाली. ‘‘जाताना शुद्धीवर व्हत्या. म्हनाल्या, मिस्त्रीकडं एकदा जाऊन ये.’’ तिने पिशवीतून फडक्याची एक पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. आत ज्वारी होती. एक मूठ.

मी पुरचुंडी पुन्हा बांधली.

‘‘म्हनाल्या, काटा मागू नगंस. त्यो खरा हाय, त्येंच्याकडंच ऱ्हाऊ दे. त्येला खोटं म्हनावं लागलं मिस्त्रीला, ते माज्यापाई.’’

‘‘त्यांना कळलं होतं?’’

‘‘त्याच दिशी. तुमी काट्याला नाव ठेवलं ते खाली मान घालून ठेवलं. आन् त्या परत आल्या तवा अंगनातल्या चिमण्या बघत तुमी दोघं दारात हुबे व्हता. त्या रातीपासून आत्याबाईंनी गाठोड्यातली मूठ घेऊन दिस्ट काढली न्हाई. मीठमोहऱ्या घ्यायच्या. पर तोंडानं कदी बोलल्या न्हाईत. मीबी न्हाई.’’

मी पुरचुंडी खुंटीवरच्या तागडीच्या एका दुरडीत ठेवली. दांडी एका बाजूला कलली, ती तशीच राहू दिली. आजही ती आमच्या बैठकीच्या खोलीत तशीच कललेली आहे.

मंगलने मुलीला माझ्यापुढे धरलं. ‘‘घ्या की, आजोबा.’’ समोर सहा काटे होते, सगळे शिक्का मारलेले. मी हात पुढे केले आणि तिला उचलून घेतलं. पोर चांगली भरली होती. हाताला ओढ लागत होती. तिने माझ्या मिशीला हात घातला.

‘‘वजनदार आहे,’’ मी म्हणालो.

सुमन पदराने तोंड पुसत हसली. ‘‘हाताचा काटा नसतो म्हनला व्हता, मिस्त्री.’’

‘‘म्हणालो होतो,’’ मी म्हणालो. ‘‘तू तेव्हा बरोबर सांगत होतीस, बाई.’’